इस्लामी बँका आर्थिक संकटात कितपत टिकतात? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातील आणि लगतच्या कोकणातील अनेक घरांतले कोणी ना कोणी दुबई, दोहा किंवा कुवेत येथे नोकरीस आहे आणि त्यांपैकी काहींचा पगार इस्लामी बँकेतील खात्यात जमा होतो. सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या या जिल्ह्यात ठेवींच्या सुरक्षिततेचा विषय तसाही सतत निघतो, आणि तो निघाला की ‘व्याज न घेणारी बँक बुडत नाही म्हणतात, ते खरे आहे का?’ असेही कोणीतरी विचारतेच. पुढील उत्तरे धार्मिक निर्णय देण्यासाठी नाहीत. ताळेबंदाच्या बाजूने विषय पाहण्याची सवय असलेल्याने ती लिहिली आहेत.

व्याज घ्यायचे नाही, तर अशी बँक कमावते कशातून?

मुख्यतः खरेदी-विक्री, भाडे आणि भागीदारी या तीन मार्गांनी. बँक वस्तू विकत घेऊन नफा जोडून ग्राहकाला हप्त्यांवर विकते, तो व्यवहार मुराबहा. वस्तू स्वतःच्या मालकीची ठेवून भाड्याने देते, तो इजारा. एका पक्षाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम अशी भागीदारी म्हणजे मुदारबा, आणि दोघांनीही भांडवल घालायचे असेल तर मुशारका. रिबा म्हणजे व्याज, घरर म्हणजे करारातील अवाजवी अनिश्चितता आणि मैसिर म्हणजे जुगार, या तिन्ही गोष्टी वर्ज्य असतात.

या बँकांचा आधुनिक इतिहास फार जुना नाही. इजिप्तमधील मित घम्र या गावी १९६३ मध्ये अहमद अल-नज्जार यांनी जर्मनीतील बचत बँकांच्या धर्तीवर एक छोटी संस्था उभी केली, आणि ग्रामीण बचतीतून स्थानिक भांडवल उभारण्याचा तिचा खटाटोप आपल्याकडील सहकारी पतपुरवठ्याच्या चळवळीला बराच जवळचा होता. दुबई इस्लामिक बँक आणि जेद्दाह येथील इस्लामिक डेव्हलपमेंट बँक या दोन्ही १९७५ च्या.

वस्तू विकून नफा घेणे आणि व्याज घेणे यांत हिशेबाच्या दृष्टीने खरोखर काही फरक पडतो का?

पडतो, पण लोक समजतात तेथे नाही. समजा, इचलकरंजीत खर्चीवर, म्हणजे ठरावीक मजुरीवर, कापड विणून देणाऱ्या एका यंत्रमागधारकाला दहा लाखांचा जुना रॅपियर माग घ्यायचा आहे. नेहमीची बँक त्याला कर्ज देईल, माग तारण ठेवून घेईल आणि व्याजाचा दर बाजाराप्रमाणे वरखाली करील. मुराबहामध्ये बँक तो माग स्वतः दहा लाखांना विकत घेईल, थोड्या काळापुरती का होईना त्याची मालक होईल आणि मग तोच माग बारा लाखांना, दरमहा पन्नास हजारांच्या चोवीस हप्त्यांवर, त्या कारखानदाराला विकेल. मूळ किंमत आणि त्यावरचा नफा ग्राहकाला उघड सांगणे बंधनकारक असते.

आता जोखमी मोजून पाहाव्यात. बँकेने माग घेतल्यावर आणि विकण्यापूर्वी त्याचे काही नुकसान झाले, किंवा ग्राहकानेच माघार घेतली, तर तो माग बँकेच्या गळ्यात पडतो; कर्ज देणाऱ्या बँकेला ही जोखीम नसते. पुढे बाजारातील व्याजदर चढले तरी बारा लाखांचे साडेबारा लाख करता येत नाहीत, कारण विक्रीची किंमत ठरून गेलेली असते. हप्ता थकला तर दंड लावता येतो, पण ती रक्कम सर्वसाधारण प्रथेप्रमाणे बँकेच्या उत्पन्नात न घेता धर्मादाय कामाला द्यावी लागते. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, कारण थकबाकी चक्रवाढीने फुगत नाही. मात्र सुताचे भाव कोसळले, खर्चीचे दर पडले आणि कारखानदाराला हप्ता भरणेच अशक्य झाले, तर बँकेची रक्कम नेहमीच्या बँकेइतकीच अडकते. पतजोखीम जशीच्या तशी राहते आणि तिच्यावर मालाची आणि दराची जोखीम चढते.

ठेवीदाराला व्याज नाही, तर काय मिळते? आणि तोटा झाला तर तो त्याने सोसायचा का?

खात्याच्या प्रकारावर ते अवलंबून असते, आणि संकटात बँक किती टिकेल याचे बरेचसे उत्तर याच प्रश्नात दडलेले आहे. चालू किंवा बचत खाते पुष्कळदा ‘कर्ज’ या तत्त्वावर असते, म्हणजे ठेवीदाराने बँकेला बिनव्याजी उसने दिलेले पैसे, आणि ते पूर्ण परत करण्याची जबाबदारी बँकेची. गुंतवणूक खाते मुदारबा तत्त्वावर असते. त्यात ठेवीदार भांडवल देतो, बँक व्यवस्थापन करते, नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो, आणि बँकेची हयगय किंवा गैरवर्तन नसेल तर तोटा ठेवीदाराच्या भांडवलातून जातो.

हे कागदावरचे झाले. एखाद्या वर्षी नफा घटला आणि बँकेने गुंतवणूक खातेदारांना खरोखरच कमी परतावा दिला, तर ते पैसे काढून शेजारच्या बँकेत जातील, ही भीती व्यवस्थापनाला कायम असते. म्हणून पुष्कळ बँका चांगल्या वर्षांतील नफ्याचा काही भाग नफा समीकरण निधीत बाजूला ठेवतात आणि वाईट वर्षी त्यातून परतावा सावरून धरतात. निधी पुरला नाही तर भागधारकांच्या वाट्यातून रक्कम सोडतात. तोटा करारानुसार ठेवीदाराचा, पण सोसतो भागधारक. या विषयाच्या परिभाषेत याला विस्थापित व्यापारी जोखीम म्हणतात. इस्लामी वित्तसंस्थांसाठी मानके ठरवणाऱ्या क्वालालंपूर येथील इस्लामिक फायनान्शियल सर्व्हिसेस बोर्डाने, ज्याचे काम २००३ मध्ये सुरू झाले, भांडवल पर्याप्ततेच्या, म्हणजे जोखमीच्या मानाने किती भांडवल राखायचे त्याच्या, सूत्रात ‘अल्फा’ नावाचा गुणक घातला आहे, तो यासाठीच. खातेदारांच्या पैशांतून केलेल्या गुंतवणुकीतील किती जोखीम प्रत्यक्षात भागधारकांवर येते ते शून्य ते एक या आकड्यात मांडायचे आणि तेवढे भांडवल राखायचे.

परतावा असा सावरणे ठेवीदाराला सुखावते खरे, पण माझ्या मते या पद्धतीतील सर्वांत मोठी विसंगती हीच आहे. तोटा वाटून घेण्याच्या तरतुदीमुळे बँक स्थिर राहते असे म्हणायचे आणि तोटा वाटण्याची वेळच येऊ द्यायची नाही, असा हा प्रकार आहे.

मग या बँका तत्त्वतः अधिक स्थिर का मानल्या जातात?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील अर्थतज्ज्ञ मोहसिन खान यांनी १९८६ मध्ये हा युक्तिवाद नेमकेपणाने मांडला. नेहमीच्या बँकेत ठेवींची रक्कम ठरलेली असते आणि कर्जांचे मूल्य घसरते, त्यामुळे दोहोंमधील खड्डा भांडवलाने भरावा लागतो. ठेवी भागीदारीच्या तत्त्वावर असतील, तर मालमत्तेचे मूल्य घसरताच देण्यांचे मूल्यही आपोआप घसरते आणि खड्डाच पडत नाही. युक्तिवादात खोट नाही. अडचण एवढीच की तो भागीदारीवर चालणाऱ्या बँकेला लागू पडतो, आणि बहुतेक इस्लामी बँकांच्या मालमत्तेत भागीदारीचा वाटा लहान असून मुराबहा आणि तत्सम ठरीव रकमेच्या वसुलीचे व्यवहारच अधिक असतात.

भागीदारी मागे का पडते, हे समजायला दूर जावे लागत नाही. उद्योजकाची वही खरी आहे की नाही हे बँकेला दरवर्षी तपासावे लागते, आणि नफा कमी दाखवण्याचा मोह कोणालाही होतो. कोल्हापूरच्या गूळ बाजारातील अडत्या शेतकऱ्याला उचल देतो तेव्हा तोदेखील गुऱ्हाळाच्या नफ्यात भागी मागत नाही. गूळ आपल्याच अडतीवर येईल एवढी खात्री करून घेतो.

२००८ च्या जागतिक संकटात नेमके काय घडले?

पहिल्या तडाख्यातून इस्लामी बँका बऱ्याच अंशी वाचल्या. अमेरिकेतील गृहकर्जांच्या गठ्ठ्यांवर काढलेले रोखे, त्यावरचे विम्यासारखे करार, कर्जाची सूट देऊन पुनर्विक्री, या गोष्टी त्यांना शरीयतच्या बहुतेक अर्थांनुसार वर्ज्यच होत्या. त्यामुळे ते विषारी कागद त्यांच्या ताळेबंदात आले नाहीत.

दुसरा तडाखा मात्र बसला. नाणेनिधीच्या माहेर हसन आणि जेम्मा द्रिदी यांनी २०१० मध्ये आठ देशांतील सुमारे १२० बँकांची तुलना केली. २००८ मध्ये इस्लामी बँकांच्या नफ्यावर परिणाम कमी झाला, पण २००९ मध्ये, मंदी वित्तबाजारातून खऱ्या अर्थव्यवस्थेत उतरल्यावर, काही देशांत त्यांच्या नफ्याची घसरण नेहमीच्या बँकांपेक्षा अधिक होती, आणि त्यामागे जोखीम व्यवस्थापनातील उणिवा होत्या, असे त्यांना आढळले. कर्जवाटप आणि मालमत्तेची वाढ मात्र या बँकांनी संकटातही अधिक राखली. मला हा निष्कर्ष समतोल वाटतो; प्रचारपत्रकांत त्याचा पहिला अर्धा भागच छापला जातो.

मोठी बँक सुरक्षित की लहान?

नाणेनिधीच्याच मार्टिन चिहाक आणि हाइको हेसे यांनी १९९३ ते २००४ या काळातील आकडे तपासले, तेव्हा लहान इस्लामी बँका लहान व्यापारी बँकांपेक्षा भक्कम आढळल्या, तर मोठ्या इस्लामी बँका मोठ्या व्यापारी बँकांपेक्षा कमकुवत. लहान संस्थेला कर्जदार ओळखीचे असतात आणि व्यवहार साधे असतात. पसारा वाढला की निरनिराळ्या करारांतील जोखमींवर लक्ष ठेवणे अवघड होत जाते. हे निरीक्षण इस्लामी बँकांपुरतेच आहे असे सहकारी संस्थांच्या वह्या पाहणारा कोणी म्हणणार नाही.

दुबईत २००९ मध्ये काय झाले होते? सुकूक म्हणजे कर्जरोखेच ना?

सुकूक हे मालमत्तेतील किंवा तिच्या भाड्यातील हिश्शाचे प्रमाणपत्र असते, निदान तसे ते असावे अशी अपेक्षा असते. नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्ड या सरकारी समूहाने देणी पुढे ढकलण्याची मागणी केली, आणि त्याच्या नखील या बांधकाम कंपनीचे साडेतीन अब्ज डॉलरचे सुकूक १४ डिसेंबरला फेडायचे होते. अबू धाबीने ऐन वेळी दहा अब्ज डॉलरची मदत दिल्यामुळे ते फेडले गेले. मालमत्तेचा आधार म्हणून ज्याची जाहिरात झाली होती, त्याची फेड प्रत्यक्षात शेजारच्या अमिरातीच्या तिजोरीतून झाली. आखाती बँकांचा पैसा जमीन आणि इमारतींत एकवटला असल्यामुळे तेथील भाव पडताच इस्लामी आणि इतर दोन्ही प्रकारच्या बँकांना झळ बसली.

एखादी इस्लामी बँक प्रत्यक्ष बुडाली आहे का?

होय. तुर्कस्तानातील इहलास फिनान्स ही तेथील मोठी बिनव्याजी वित्तसंस्था होती. २००० च्या अखेरीस देशात रोकडटंचाई निर्माण झाली, खातेदार पैसे काढू लागले, आणि संस्थेचा बराच पैसा स्वतःच्याच समूहातील कंपन्यांत अडकलेला होता. तिच्या ठेवींना विमा नव्हता आणि मध्यवर्ती बँकेकडे अडीअडचणीला जाण्याची वाटही तिला नेहमीच्या बँकांसारखी मोकळी नव्हती. १० फेब्रुवारी २००१ रोजी नियामकाने तिचा परवाना रद्द केला आणि घाबरलेल्या खातेदारांची रांग इतर बिनव्याजी संस्थांच्या दारातही लागली. तत्त्वाप्रमाणे तोटा वाटून घ्यायला तयार असलेला ठेवीदार प्रत्यक्षात तोट्याची कुणकुण लागताच पळतो, हे तेथे दिसले. पुढे २००५ च्या बँकिंग कायद्याने या संस्थांना ‘सहभाग बँक’ हा दर्जा आणि ठेव विम्याचे छत्र दिले.

त्याआधी १९९८ मध्ये दुबई इस्लामिक बँकेत सुमारे २४ कोटी डॉलरचा अपहार उघडकीस आला होता. बँक तगली, पण ती तगण्यात सरकारच्या पाठबळाचा वाटा मोठा होता. अगदी अलीकडचे उदाहरण बांगलादेशाचे. तेथील एक्झिम, फर्स्ट सिक्युरिटी, सोशल, युनियन आणि ग्लोबल या पाच इस्लामी बँका थकीत कर्जांखाली दबल्यावर २०२५ मध्ये त्यांचे सरकारी मालकीच्या एका बँकेत विलीनीकरण हाती घेण्यात आले. या तिन्ही प्रकरणांत व्याज घेतले की नाही हा मुद्दाच नव्हता. पैसा कोणाच्या हाती गेला, संचालकांच्या गोतावळ्यात किती गेला आणि ते विचारणारे कोणी होते का, हे मुद्दे होते. आपल्या जिल्ह्यातील बुडालेल्या पतसंस्थांच्या ठेवीदारांना ते नव्याने सांगायला नकोत.

रोकड कमी पडली तर अशी बँक कोणाकडे जाते?

येथे ती खरोखरच नेहमीच्या बँकेपेक्षा दुबळी आहे. एका रात्रीपुरती रोकड कमी पडली तर सामान्य बँक दुसऱ्या बँकेकडून किंवा मध्यवर्ती बँकेकडून व्याजाने उचलते आणि सरकारी रोखे तारण ठेवते. इस्लामी बँकेला व्याजाची उचल वर्ज्य, सरकारी रोखेही वर्ज्य. परिणामी पुष्कळशा बँका जास्तीची रोकड पडून ठेवतात, त्यामुळे धक्का सोसण्याची ताकद येते, पण नफा घटतो.

मलेशियाने १९९४ मध्येच बँकांसाठी वेगळा इस्लामी नाणेबाजार सुरू करून ही उणीव बरीच भरून काढली. अनेक मध्यवर्ती बँकांनी मिळून २०१० मध्ये क्वालालंपूरला इंटरनॅशनल इस्लामिक लिक्विडिटी मॅनेजमेंट कॉर्पोरेशन स्थापन केले. ते अल्प मुदतीचे सुकूक काढते. जेथे अशी सोय नाही तेथे तवर्रुकचा आधार घेतला जातो, म्हणजे धातूसारखा माल उधारीवर घेऊन लगेच रोखीने विकायचा आणि हाती रोकड आणायची. मालाचा संबंध नावापुरताच राहतो, आणि अनेक शरीयत अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतला आहे तो वावगा नाही.

शरीयत मंडळ असते, म्हणजे जादा देखरेख झालीच की?

ते मंडळ म्हणजे बँकेने नेमलेले धर्मशास्त्राचे जाणकार; करार शरीयतला धरून आहे की नाही ते तपासते, कर्जदाराची ऐपत तपासत नाही. उलट, या निर्णयांमुळे एक निराळीच जोखीम उद्भवते: आज ग्राह्य धरलेला करार उद्या अग्राह्य ठरू शकतो. इस्लामी वित्तव्यवहाराचे ख्यातनाम पाकिस्तानी जाणकार मुफ्ती तकी उस्मानी यांनी २००७ मध्ये बाजारातील सुमारे ८५ टक्के सुकूक शरीयतच्या कसोटीला उतरत नसल्याचे म्हटले, तेव्हा बाजार हादरला होता. २०१७ मध्ये शारजाच्या दाना गॅस कंपनीने तर स्वतःचेच ७० कोटी डॉलरचे सुकूक शरीयतला धरून नाहीत, म्हणून ते फेडणे बेकायदा ठरेल, असा पवित्रा घेतला आणि प्रकरण लंडनच्या न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने धनकोंच्या बाजूने कौल दिला.

ठेवीवर विमा असतो का?

देशागणिक आणि खात्यागणिक निराळे उत्तर आहे. मलेशियाच्या २०१३ च्या कायद्याने इस्लामी ठेव आणि गुंतवणूक खाते स्पष्टपणे वेगळे केले. पहिल्याला विमा आहे, दुसऱ्याला नाही, कारण त्यात तोटा सोसण्याची तयारी गृहीत आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली इस्लामिक बँक ऑफ ब्रिटनला परवाना देताना नियामकाने ठेव पूर्ण परत मिळण्याची हमी मागितली. तोडगा असा निघाला की बँकेने हमी द्यायची, आणि धार्मिक कारणाने कोणाला ती नको असेल तर त्याने भरपाई नाकारायची.

कोल्हापुरात अशी बँक निघू शकते का?

सध्याच्या कायद्यात नाही. १९४९ च्या बँकिंग नियमन अधिनियमानुसार बँकेला मालाचा व्यापार करता येत नाही आणि स्वतःच्या वापराखेरीज स्थावर मिळकत सात वर्षांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही; मुराबहा आणि दीर्घ मुदतीचा इजारा तेथेच अडतात. घराच्या व्यवहारात दोनदा मुद्रांक शुल्क भरावे लागण्याचा प्रश्न निराळाच. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगला वाट देण्याची शिफारस केली होती, परंतु हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय झाल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये माहिती अधिकारातील उत्तरात कळवले. सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ मध्ये बिनव्याजी कर्जाची योजना काढली, तेव्हा ‘पहिली इस्लामी बँक’ असा गाजावाजा झाला होता. ती नेहमीच्या सहकारी बँकेची एक योजना होती, एवढेच.

‘हलाल नफा’ देतो म्हणून कोणी ठेव मागितली तर?

देऊ नये. बंगळुरूच्या आयएमए समूहाने भागीदारी संस्थांमध्ये ‘भागीदार’ करून घेत लोकांकडून पैसे गोळा केले, आणि जून २०१९ मध्ये प्रमुख परदेशी निघून गेल्यावर हजारो कुटुंबे उघड्यावर पडली. नियामकाच्या कक्षेबाहेर राहण्यासाठीच ‘भागीदार’ हा शब्द वापरला होता, असे तपासात पुढे आले. भारतात बँकेतील ठेवीला, सहकारी बँकेसह, पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीला तो नाही, आणि अशा योजनेला तर कोणाचेच छत्र नाही. शरीयतच्या निकषांवर पैसे गुंतवायचेच असतील तर सेबीच्या देखरेखीखालील म्युच्युअल फंडांत तशा योजना १९९० च्या दशकापासून आहेत.

मुलाचे खाते दोह्यातील इस्लामी बँकेत आहे. त्याने काय पाहावे?

खाते कर्ज तत्त्वावर आहे की मुदारबा तत्त्वावर, ते खाते उघडतानाच्या अर्जात लिहिलेले असते. ते आधी वाचावे. मुदारबा असेल तर गेल्या काही वर्षांचा परतावा काढून पाहावा: बाजार वरखाली होऊनही तो जवळजवळ एकसारखा असेल, तर समीकरण निधी किंवा भागधारकांचा वाटा खर्ची पडतो आहे असे समजावे. त्यानंतर बँकेने स्थावर व्यवसायाला किती पैसा दिला आहे आणि संचालकांशी संबंधित कंपन्यांना किती, हे दोन आकडे शोधावेत. दोन्ही वार्षिक अहवालाच्या शेवटी दिलेल्या टिपांमध्ये असतात, आणि आखाती बँकांचे अहवाल अरबीप्रमाणेच इंग्रजीतही संकेतस्थळावर मिळतात.